नेणारा वारा

९ एप्रिल २००४, शुक्रवार

ही डायरी एका विमा कंपनीने ऑफिसात सगळ्यांना वाटली. बाकीच्यांनी तिच्यात फोन नंबर लिहिले. मी रोजनिशी लिहायचं ठरवलंय, आणि तीही मराठीत. रत्नागिरीच्या शाळेत शिकलेल्या त्या भाषेचा दोह्यात दुसरा काही उपयोग नाही. शिवाय ऑफिसात ती वाचू शकणारा माझ्याखेरीज एकच, आमचा ड्रायव्हर संपत, आणि माझ्या ड्रॉवरला हात लावायची त्याची छाती नाही.

लिहायला कारणही तसंच आहे. काल आमच्या मालकाने, अरबाबने, केबिनमध्ये बोलावलं. पंधरा वर्षं मी त्याच्याकडे बोटींच्या इंजिनांची बिलं करतोय. खुर्चीवर बस असं तो काल पहिल्यांदा म्हणाला. दोन वर्षांनी इथे एशियन गेम्स होणार, गोरे लोक येणार, आणि गोऱ्या माणसाला समुद्र दिसला की त्यात काहीतरी खेळावंसं वाटतं. म्हणून अरबाबला वॉटरस्पोर्ट्सचं सेंटर काढायचंय. जेट स्की, ती फुगवलेली केळ्याची बोट, आणि मुख्य म्हणजे विंडसर्फिंग, म्हणजे फळीला शीड लावून वाऱ्याबरोबर पळायचा खेळ.

"किनारा तू शोध, जाफर," तो म्हणाला. "यू आर सी मॅन."

मी सी मॅन! बाप नि आजा दर्यावर गेले हे खरं. मला होडीत बसलं की उलटी होते. पण हे अरबाबला सांगायचं काही कारण नव्हतं. किनारा पसंत पडला तर माझ्या कार्डावर ‘मॅनेजर, बीच अँड मरीन’ असं छापून येणार आहे.

घरी येऊन तय्यबाला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग हाफिजमामूंना विचारा ना. त्यांच्यायेवढा दर्या कोनाला कलतो?" बायको ही अशी. आनंदाच्या घासात पहिला खडा तिचाच.

हाफिजमामू म्हणजे माझ्या आईचे मावसभाऊ. कंपनीच्या बोटीवर तांडेल आहेत, इंजिनं पाण्यात नेऊन तपासतात. एकोणनव्वद साली मला इथे त्यांनीच आणलं. दोन वर्षं मी त्यांच्या खोलीत राहिलो, त्यांच्या हातचं जेवलो. हे ते कधी बोलून दाखवत नाहीत, आणि तेच जास्त टोचतं.

ऑगस्टात त्यांना साठ पुरी होतात. साठीनंतर व्हिसा वाढवून मिळायला मॅनेजरची चिठ्ठी लागते. मामी गावी, साखरतरला. तिच्या किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा रत्नागिरीला डायलिसिसला नेतात. मामूंचा पगार थांबला की तेही थांबणार. मी मॅनेजर झालो की ती चिठ्ठी मीच लिहीन. थोडा मोठेपणा घ्यायला मलाही आवडेल.

१६ एप्रिल, शुक्रवार

किनाऱ्यांसाठी मी तक्ता केलाय. दोह्यापासून अंतर, रस्ता, पार्किंग, सावली, स्वच्छता, पाणी. प्रत्येकाला दहापैकी मार्क. अरबाबला आकडे आवडतात.

आज संपतला घेऊन निघालो. दक्षिणेला वकऱ्या गावाच्या बाजूला मच्छीमारांची गर्दी, माशांचा वास. गोरे नाक धरून पळतील. मग उत्तरेला गेलो, अल खोरच्याही पुढे, आणि डांबरी रस्ता सोडून चार किलोमीटर वाळूतून गेल्यावर जे दिसलं ते पाहून संपतने तोंडाचा आ केला. "सायेब, ह्ये तर शिनेमातलं हाय," म्हणाला. संपत माण तालुक्यातला. दोह्याला येईपर्यंत त्याने तलावसुद्धा भरलेला पाहिला नव्हता, तेव्हा त्याचं मत विचारात घेण्यात अर्थ नाही, पण मलाही तसंच वाटलं.

वारा इतका की पिकअपचं दार हातातून सुटत होतं. आणि पाणी? परातीत ओतून ठेवल्यासारखं सपाट. रत्नागिरीला असा वारा सुटला की पुरुषभर लाटा येऊन वाळूवर आपटतात. लहानपणापासून बघतोय, पाणी उसळलं की होड्या फुटतात, सपाट असलं की पोरं पोहतात. खेळायला भरपूर वारा आणि लाट एक नाही, असं ठिकाण जगात दुसरं असेल का, शंका आहे. पाणी: दहापैकी दहा.

स्वच्छता तर विचारू नका. शेवाळ नाही, बाटली नाही, चपलेचा तुकडा नाही. पुलाव खाल्ल्यावर संपतच्या हातातून पिशवी सुटली आणि बघता बघता समुद्रावरून उडत दिसेनाशी झाली. मी मुद्दाम दुसरी सोडून पाहिली. तीही गेली. म्हणजे गिऱ्हाइकांनी कितीही घाण केली तरी झाडूवाला ठेवायला नको. हा मुद्दा रिपोर्टात वेगळा लिहायचा.

२३ एप्रिल, शुक्रवार

तय्यबाच्या भुणभुणीला कंटाळून आज हाफिजमामूंना बरोबर घेतलं. ते सवयीने पुढे बसायला गेले. मी म्हटलं, पुढे मी बसतो, मला नकाशा बघायचाय. ते मागे बसले.

त्यांच्या म्हणण्यावरून पार पश्चिमेला, दुखानच्या खाली गेलो. तासभर नुसतं वाळवंट. शेवटी एक कोपरा दाखवला, उत्तरेला टेकाड आणि पुढे अर्धा मैल वाळू. वाळू दिसली तर शपथ! शेवाळाचे ढीग, रबरी चपला, फुटके क्रेट, एक मेलेलं कासव. पाणी खवळलेलं, गढूळ, लाटा एकामागून एक. नाकाला रुमाल लावून उभा राहिलो.

मामूंनी वाळूतली खजुरीची काठी उचलून जमेल तेवढी लांब फेकली. आमचा चहा पिऊन होईपर्यंत ती त्यांच्या पायाशी येऊन लागली. "बगितलंस?" म्हणाले.

"बघितलं," मी म्हटलं. "कचरा परत येतो."

संपत हसला. एकूण मार्क साठापैकी चौदा.

३० एप्रिल, शुक्रवार

आज जे झालं ते लिहू की नको असा विचार करत होतो. पण डायरीत खोटं लिहायचं तर लिहायचंच कशाला.

मामूंना अल खोरपुढचा माझा किनारा दाखवायला नेलं. मनात होतं की बघतील आणि म्हणतील, शाबास. गाडीतून उतरले, पाण्याकडे बघितलंही नाही. पाठ वाऱ्याला लावून उभे राहिले आणि बोलायला लागले. तय्यबाने पुन्हा विचारलं तर सांगता यावं म्हणून त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहितो:

"पोरा, ह्यो वारा जमिनीवरना येतो. मतलई हाय ही. नेनारा वारा. आपल्या गावाला मतलई भल्या सकाली फुकर मारल्यासारी येते, होड्या भायेर काडते, नि दुपारला खारा वारा सगल्यांना घरी आनतो. हितं पूर्वेच्या बाजूला शमाल, म्हंजे ह्यो उत्तरेचा वारा, सुटला की दिसभर मतलईच. जो गेला तो गेला. पानी सपाट दिसतंय कारन लाट पलीकडं जाऊन उटतेय. पश्चिमेला लाट हाय, घान हाय, पन मानूस सुटला तर तो वारा त्याला आनून वालूवर टाकील."

खारे वारे आणि मतलई वारे मीही शाळेत शिकलोय, पाच मार्कांना. मतलई मंद असते असं पुस्तकात होतं आणि डोळ्यांनीही तसंच पाहिलंय. हा वारा तर गाडीचं दार उपटत होता. एवढा जोराचा वारा समुद्राचाच असतो, हे रत्नागिरीचं शेंबडं पोरही सांगेल. मी तसं म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "तू दर्याला पाट करून बसलास पोरा, पंधरा वर्सा."

पोरा. संपतच्या देखत. मॅनेजर होणाऱ्या माणसाला.

"हाफिज," मी म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा नुसतं नाव घेऊन, "तुला कंपनीने बोट सांभाळायला ठेवलंय. किनारा मी बघतो." वाऱ्यात ऐकू गेलं नसेल असं क्षणभर वाटलं. पण गेलं होतं. संपत पायाने वाळू उकरत राहिला.

"बरा, सायेब," मामू म्हणाले.

साहेब म्हणाले! मला लाज वाटली, आणि खोटं कशाला, बरंही वाटलं.

निघताना साइट व्हिजिटच्या कागदावर त्यांची सही घेतली. कागद इंग्रजीत आहे. सहीच्या वर छापलंय की पाहणी केली, ठिकाण योग्य आढळलं. मामूंना इंग्रजी येत नाही. "ह्ये काय?" त्यांनी विचारलं. "हजेरी," मी म्हटलं. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या तांडेलाची सही असली की रिपोर्टाला वजन येतं, एवढाच हेतू. त्यांनी बॉनेटवर कागद धरून, वाऱ्याने उडू नये म्हणून कोपर टेकवून, उर्दूत सावकाश सही केली.

१९ मे, बुधवार

रिपोर्ट पास! साठापैकी पंचावन्न मार्क बघून अरबाब म्हणाला, "मुमताज," म्हणजे अरबीत एकदम झकास. शिडाच्या फळ्या मागवल्यात, ट्रेनर श्रीलंकेतून येणार. तय्यबाने खीर केली. मामूंना बोलवू या म्हणाली, मी म्हटलं पुढच्या वेळी.

११ जून, शुक्रवार

अक्षर वाकडं येतंय.

आज फोटोंचा दिवस होता. अरबाब, त्याचे दोन मुलगे, एक फोटोग्राफर. ट्रेनरचा व्हिसा लटकलाय, पण फळ्या आल्यात आणि अरबाबला ब्रोशर छापायची घाई. मामूंना मी सांगून ठेवलं होतं की तुम्ही दोह्यात स्टोअरमध्येच थांबा. त्यांची बोट जुनी, रंग उडालेला. ती फोटोत आली असती तर सेंटर नव्हे, मच्छीबाजार वाटला असता.

आता फळीवर उभं कोण राहणार? अरबाबने माझ्याकडे बघितलं. मी संपतकडे बघितलं.

"सायेब, मला पवाय येत न्हाई," संपत म्हणाला. "आमच्याकडं हिरीत बी पानी नसतंय."

"पोहायचंय कुठे? कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचंय. दोन फोटो, खलास."

लाइफ जॅकेट त्याला लहान होत होतं, पट्टे पुढे जेमतेम बांधले. फळीवर चढला, पडला, पुन्हा चढला. सगळे हसत होते, तोही हसत होता. मग शीड उभं करताना वाऱ्याने ते एकदम भरलं आणि फळी सुटली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. फोटोग्राफर म्हणाला, व्हेरी गुड. दहा-बारा सेकंद तो खरंच गोऱ्यासारखा दिसला. मग पडला आणि फळीवर पालथा झाला, आणि फळी मात्र चाललीच होती.

"उडी मार!" मी ओरडलो. त्याला पोहता येत नाही, तो कशाला उडी मारतोय. जेट स्की दोन आणल्या होत्या, पण फोटोपुरत्या, त्यांत पेट्रोल नव्हतं. अरबाबचा मोठा मुलगा छातीएवढ्या पाण्यापर्यंत धावत गेला, अरबाबने ओरडून परत बोलावला. पाच मिनिटांत संपत बाहुलीएवढा झाला. तो हाका मारत होता का, माहीत नाही. आमच्या हाका त्याच्याकडे जात असतील, त्याच्या आमच्याकडे येत नव्हत्या. पाणी तसंच सपाट, सुंदर. मला रडू यायला लागलं. एवढं सगळं जमून आलं होतं!

अरबाब कोस्ट गार्डला फोन करत होता तेवढ्यात दक्षिणेच्या टोकामागून मामूंची बोट निघाली. हुकूम मोडून ते पहाटेच अल खोरहून येऊन तिथे दडून बसले होते. आमच्याकडे न बघता सरळ बाहेर गेले.

अडीच तास. त्या उन्हात अरबाब माझ्याकडे पाठ करून उभा होता. शेवटी बोट आली. संपतचं तोंड भाजून काळंनिळं झालेलं, खारं पाणी ओकत होता. मामूंनी त्याला खांद्यावर घेऊन उतरवलं. मागून मामू म्हणाले की फळीची कड त्याने इतकी घट्ट धरली होती की एकेक बोट सोडवायला लागलं.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: "तुला बोट आणायला कुणी सांगितलं?"

अरबाब शेजारी उभा होता. काहीतरी मॅनेजरसारखं बोलायला हवं होतं.

"पोरगा जगला," मामू म्हणाले, आणि बोट धुवायला गेले.

१३ जून, रविवार

काल रात्रभर ठरवत होतो, खरं सांगायचं. चूक झाली, हाफिजने बजावलं होतं, मी ऐकलं नाही. सकाळी गाडीत दोनदा बोलूनही बघितलं, इंग्रजीत.

अरबाबपुढे कोस्ट गार्डचं पत्र होतं. त्यांना एक नाव हवंय, किनारा सुरक्षित आहे असं कुणी ठरवलं त्याचं. अरबाबने विचारलं, "हू सेड ओके?" ओरडून नाही, हळू विचारलं. ओरडला असता तर कदाचित मी खरं बोललो असतो. माझा हात फायलीत गेला आणि तो कागद निघाला. मी काही बोललोच नाही. कागदावर सही आहे, ती कुणाची हे अरबाबने स्वतः वाचलं. मी खोटं बोललो असं कुणी म्हणू शकणार नाही.

"ओल्ड मॅन," तो मान हलवत म्हणाला. "व्हिसा कॅन्सल करो. खलास."

१५ जून, मंगळवार

फायलीला संपतचा जबाब लागतो. मी इंग्रजीत तयार केला: हाफिजने मला सांगितलं की इथे धोका नाही, आणि परवानगी नसताना बोट आणली. संपतला हिंदीत वाचून दाखवला, म्हणजे ऑफिशियल वाटावा. तो मराठीत रडायला लागला.

"मामूनी मला काढलंय वो सायेब. माझ्यासंगं बोलत बसलं बोटीत, झोपू नगं म्हनलं, पोराचं नाव काय म्हनलं. त्यास्नी मी असं कसं म्हनू?"

"तुझ्या रजेचा अर्ज अरबाबच्या टेबलावर ठेवायचाय," मी म्हटलं. "आजच ठेवू की नंतर बघू?" यात धमकी काही नाही. अर्ज खरंच ठेवायचा होता. त्याचा मुलगा चार महिन्यांचा झालाय, त्याने अजून पाहिलेला नाही.

तेवढ्यात मामू स्टोअरचा हिशेब द्यायला दारात आले. त्यांनी ऐकलं असणार. कागद बघितला, संपतकडे बघितलं.

"कर सई," म्हणाले. "माजा काय वाडनार नाय की घटनार नाय आता. पोराला बगून ये."

संपतने सही केली आणि मामूंच्या पाया पडायला वाकला. त्यांनी त्याला वरच्या वर उचललं. माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी स्वतःच सही करायला का लावली, याचा मी बराच विचार केला. मनातून त्यांनाही अपराधी वाटत असणार. हुकूम मोडला होताच.

२ जुलै, शुक्रवार

मामू दुपारच्या विमानाने गेले. सकाळी बिन महमूद भागातल्या आमच्या घरी भेटायला आले. तय्यबाने जेवून जा म्हटलं, ते बसलेसुद्धा नाहीत. स्टोअरची किल्ली माझ्या हातात दिली आणि दोन नंबरच्या इंजिनाची पेट्रोलची नळी गळते, नवीन माणसाला सांग, म्हणाले. चिठ्ठीचा विषय त्यांनी काढला नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं, वायाच गेलं.

ते लिफ्टमध्ये शिरल्यावर तय्यबा ओढणीत तोंड घालून रडली. आमची रिदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. अकरा वर्षांची पोर. "डॅडी, बट ही सेव्ह्ड द मॅन. व्हाय इज ही गोइंग?"

"तुला कळणार नाही," मी म्हटलं.

"देन एक्स्प्लेन," ती म्हणाली.

इंग्रजी शाळेत घालून ही असली उलट उत्तरं शिकतात. मी ओरडलो. ती खोलीत गेली, आणि तय्यबा तिच्या मागे गेली, आणि दार लागलं. दार कशाला लावायचं? मी काय परका आहे?

१८ ऑगस्ट, बुधवार

अखेर! अरबाबने प्रोजेक्ट सोडलेला नाही. पूर्व किनारा नको म्हणाला, पश्चिमेला बघ. मी लगेच दुखानखालचा कोपरा सुचवला. वारा जमिनीकडे येतो, माणूस सुटला तरी वाळूवर येऊन लागतो, असं कागदावर बाण काढून समजावलं. अरबाब कौतुकाने म्हणाला, "यू लर्न फास्ट." शेवाळ उचलायला दोन माणसं ठेवली की झालं.

कार्डं छापून आली. ‘मॅनेजर, बीच अँड मरीन’. पाचशे आहेत. एक तय्यबाला दिलं, तिने ते फ्रिजवर ठेवलं.

ती म्हणाली, मामीचं डायलिसिस आता दहा दिवसांतून एकदा करतात. मी म्हटलं, सरकारी दवाखाने असतात की. ती म्हणाली, "तुमी फोन करा ना मामूंना." करीन म्हटलं. हल्ली कामच इतकं आहे. संपत रजेवरून परतलाच नाही. फोन लावला तर कुणी बाई उचलते आणि तो शेतावर गेलाय म्हणते. या लोकांना उपकाराची जाण नसते.

५ सप्टेंबर, रविवार

आज मामूंना फोन केला.

कंत्राटदार जेटी कुठे बांधू, नवशिक्यांना पाण्यात कुठून सोडायचं विचारत होता, आणि मी काल त्या कोपऱ्यावर दोन तास उभा राहूनही मला काही उलगडेना. वारा कधी इकडून येतोय असं वाटतं, कधी तिकडून. शेवटी दुपारी ऑफिसातून साखरतरला लावला.

मामूंनीच उचलला. मागे बरीच माणसं होती, कुणीतरी सुरात पढत होतं, भांडी वाजत होती. "काय मामू, दावत वाटतं घरी?" मी हसत म्हटलं.

"मानसा आलीत," म्हणाले.

म्हातारा सुखात आहे बघून बरं वाटलं. मग मी कामाचं विचारलं. मला वाटलं, आता ऐकवणार काहीतरी. पण नाही. "लिवून घे," म्हणाले, आणि वीस मिनिटं सावकाश सांगत राहिले. जेटी उत्तरेच्या टेकाडाच्या आडोशाला. नवशिक्यांना उत्तरेकडूनच सोडायचं, म्हणजे सुटले तरी दक्षिणेच्या वाळूवर लागतील. त्या टोकाला एक माणूस कायम उभा ठेव, पोहणारा ठेव. दुपारी वारा पडला आणि क्षितिज पिवळं दिसलं की सगळ्यांना बाहेर काढ. मध्येच कुणीतरी त्यांना हाक मारली, "बाबा, समदी खोलंबलीत तुमच्यासाटी." ते म्हणाले, आलो. आणि मला पुढचं सांगत राहिले. चार पानं भरली. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जी काही अढी होती ती आज गेली.

संध्याकाळी घरी आलो तर तय्यबा दिवा न लावता बसलेली. तिला बहिणीचा फोन आला होता. मामी शुक्रवारी गेली. आज तिसरा दिवस, जियारतीला सगळा मोहल्ला मामूंच्या घरी जमला होता.

"आज?" मी म्हटलं. "मी आज दुपारीच बोललोय त्यांच्याशी. मला का नाय सांगितला?"

तय्यबाने माझ्याकडे बघितलं. "तुमी विचारलात?" म्हणाली, आणि उठून आत गेली.

विचारायचं राहिलं, हे मान्य. पण माणसाने सांगायला नको? एवढी वीस मिनिटं बोलत होते, एक वाक्य त्यात बोलता आलं असतं. आता मीच वाईट ठरलो. असो. उद्या पुन्हा फोन करावा लागेल. सांत्वनाचे दोन शब्द बोलायलाच हवेत, आणि हद्द दाखवणारे तरंगते बोये किनाऱ्यापासून किती लांब टाकायचे तेही विचारायचं राहिलंय.